चंचीतला पहिला शेतकरी

मराठवाड्यात पहिला शेतकरी कुठून आला, कसा आला आणि येताना झोळीत कुठलं बी घेऊन आला, या प्रश्नाचं थोडंफार उत्तर विज्ञानाला आमच्या गावातून मिळू शकलं असतं. मिळालं नाही. त्याला दुष्काळ, सरकार किंवा हवामान यांपैकी कोणीही जबाबदार नाही. जबाबदार आमचं घर. त्यातही बारा आणे माझे वडील आणि चार आणे मी. मी जीवशास्त्राची शिक्षिका आहे, त्यामुळे माझे चार आणे जास्त लाजिरवाणे आहेत.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा घरजावई. आमचं गाव जळकोटपासून आत, आडवाटेला. आबा मूळचे उदगीरच्या पलीकडचे, कानडी मुलखातले. माझ्या आजोबांना एकच मुलगी आणि जमीन बऱ्यापैकी, म्हणून त्यांनी मुलगी द्यायच्या ऐवजी जावईच आणला. आला तेव्हा जावयाला मराठी जेमतेम बैल वळवण्याइतकी येत होती. पुढे ते मराठीत भांडायलासुद्धा शिकले. फक्त फार राग आला किंवा फार लाज वाटली की त्यांची मराठी पळून जायची आणि खालून कानडी वर यायची.

जमीन त्यांनी नावाजण्यासारखी राखली. पण गावात त्यांचं नाव पडलं ते ‘पाव्हणं’. लग्न झाल्यावर वर्षभर असं म्हटलं तर एक वेळ समजतं. इथे चाळीस वर्षं उलटली, डोक्यावरचे केस गेले, मला चष्मा लागला, तरी आबा आपले पाव्हणं. गावाची बैठक बसली आणि आबांनी काही सांगायला तोंड उघडलं की कोणीतरी फार आदरानं म्हणायचं, “पाव्हणं, तुमी बसा, च्या घ्या.” पाहुण्याचा मान मोठा असतो, त्याला चहा देतात आणि मत विचारत नाहीत. आबा चहा घ्यायचे. एकदाच ते आईला म्हणाले होते, “मरायच्या आत एकदा तरी कुणी मला हितला म्हणावं, बस.” आईनं ते आम्हा सगळ्या भावंडांना सांगितलं, कारण आईच्या पोटात काही राहत नसे.

हे सगळं उघड दिसायचं ते पोळ्याच्या दिवशी. आमच्या गावात वेशीतून बैल न्यायचा क्रम ठरलेला. पहिला पाटलांचा मानाचा बैल, तो तोरणाखालून जाणार. मग जुनी घरं, आपापल्या पायरीनं. सगळ्यांत शेवटी पाव्हणं. वेशीच्या बाहेर उजव्या हाताला एक लिंब होता. त्याच्या सावलीत आबा आपली जोडी घेऊन उभे राहायचे. अख्खं गाव आत गेल्यावर, धूळ खाली बसल्यावर, मग आमची जोडी आत. लहानपणी मला वाटायचं, सावली मिळते म्हणून आबा तिथे थांबतात.

भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणजे माणसाला आयुष्यात सर्वांत जास्त अक्कल असते त्या वयात. हॉस्टेलच्या सगळ्या मुली अंगणात धावल्या, आणि उजाडल्यावर मी मिळेल त्या एसटीनं गावाकडे निघाले. किल्लारीकडच्या बातम्या गाडीत वाटेवर चढणाऱ्या माणसांबरोबर येत होत्या. तिकडे गावंच्या गावं गेली होती. कंडक्टर तिकिटाचे पैसे मागायचंसुद्धा विसरत होता.

आमच्याकडे पडली ती एक भिंत. आमची घरं म्हणजे माळवदं, जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचंच छत. आणि ती माती कुठली, तर गावाशेजारच्या टेकाडावरची पांढरी. शेतातली काळी माती भेगाळते, पांढरी घट्ट बसते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या टेकाडातून पांढरी उकरून घरं लिंपत आले. ते टेकाड म्हणजे आमच्या गावाच्या आधीचं गाव. कितीतरी वेळा वसलेलं, मोडलेलं आणि मातीत मिळालेलं. म्हणजे आम्ही पूर्वजांच्या चुली, खापरं आणि खुद्द पूर्वज कालवून भिंतीला लावत होतो आणि वरून गेरूचा पट्टा ओढत होतो.

पडलेली भिंत नेमकी आबांच्या खाटेजवळची. आत पडली असती तर आबा गेलेच होते. ती पडली बाहेर. मी पोचले तेव्हा आबा ढिगाऱ्याजवळ उकिडवे बसले होते आणि त्यांच्या ओंजळीत अर्धा जबडा होता.

“ह्येनं ढकलली भिंत,” आबा म्हणाले. “भायेर. माज्यासाटी.”

ती भिंत माझ्या जन्मापासून बाहेर कललेली होती. तिला टेकून आम्ही चिंचा खाल्ल्या होत्या. पण आबा त्या जबड्यावरची माती इतक्या जपून फुंकत होते, की गुरुत्वमध्य या विषयावरचं माझं भाषण मी गिळून टाकलं. आयुष्यात तेवढंच एक भाषण मी गिळलं असेल.

जबडा दोन दिवसांत चुरा झाला. उरली एक दाढ. ती आबांनी चंचीत ठेवली. चंची म्हणजे पान, सुपारी, काथ, तंबाखू, चुन्याची डबी वगैरे ठेवायची कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी. आबांची चंची चोवीस तास कमरेला असायची. आईनं कडाडून विरोध केला. “मड्याचा दात कमरेला बांधून हिंडताव? अन्‌ त्याच हातानं पान खाताव?” आबा म्हणाले, “त्यो मडं न्हाई. त्यो वाचवणारा हाय.” रोज सकाळी पान लावायच्या आधी ते त्या दाढेला बोट लावून कपाळाला लावायचे. हळूहळू आईलाही सवय झाली. पुढेपुढे तर चंची सापडली नाही की ती विचारायची, “तुमचं ते मानूस कुटं ठिवलं?”

मग व्हायचं ते झालं. उदगीरला एका लग्नाच्या पंगतीनंतर आबा गप्पांच्या नादात पान लावत होते. त्यांनी चंचीत न बघता हात घातला आणि सुपारी म्हणून दाढ तोंडात टाकली. मी समोरच बसले होते. आधी ‘कडाक्‌’ असा आवाज आला. मग आबांचा चेहरा बदलला. त्यांनी हातावर काढून पाहिलं, तर जुनी दाढ धडधाकट होती आणि आबांची स्वतःची उभी चिरली होती.

“बग,” गाल धरून ते मला म्हणाले, “जुन्या मालाची मजबुती.”

उदगीरच्या दातांच्या डॉक्टरनं तीन वेळा विचारलं, काय चावलं होतं. आबांनी तिन्ही वेळा सुपारी सांगितलं. डॉक्टरनं काढलेली दाढ कागदाच्या पुडीत बांधून हातात दिली, तीही आबांनी फेकली नाही. चंचीच्या त्याच कप्प्यात टाकली. म्हणाले, “ऱ्हाऊ दे. त्याला तेवढीच सोबत.” काथानं आणि तंबाखूनं रंगलेल्या त्या दोन दाढा पुढे वर्षानुवर्षं शेजारी शेजारी राहिल्या.

दरम्यान मी लातुरात आले. लातूरला तेव्हा क्लासेसचं पीक जोरात होतं. एका घरात क्लास, शेजारच्या घरात मेस, तिसऱ्या घरात मुलांच्या खोल्या आणि चौथ्या घरात या तिघांकडे बघून हळहळणारा माणूस. रस्त्यावर पहाटे सायकली आणि भिंतींवर पोरांचे फोटो. फोटोत हसणारं पोर विरळा. मी एका मोठ्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते. एका बॅचला एवढी मुलं, की मागच्या बाकांवरच्यांना मी फक्त आवाजानं माहीत होते. माझा आवाज फार गोड नाही. माईकवरून ‘मायटोकॉन्ड्रिया’ म्हटलं की बाहेरचा भाजीवाला दचकायचा. कॉपी करताना सापडलेल्या पोराला मी अशी काही झापायची, की शेजारचं निष्पाप पोरसुद्धा कबुली द्यायचं. हे सांगून ठेवते, कारण सत्याची एवढी चाड असलेल्या बाईचं पुढे काय झालं ते सांगायचं आहे.

एका वर्षी नांदेडला व्याख्यान होतं, विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या एका सभागृहात. व्याख्यात्या बाई दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेतून आल्या होत्या आणि जुन्या हाडांतून डीएनए काढणं हे त्यांचं काम. मी सुट्टी टाकून गेले. बाईंचा प्रश्न साधा आणि सुंदर होता. शेती जगभर पसरली ती कशी? एका गावानं केली, शेजारच्यानं पाहून उचलली, असं झालं? म्हणजे युक्तीच तेवढी गावोगाव गेली? की शेती करणारी माणसंच बी-बियाणं, जनावरं, लेकरंबाळं घेऊन चालत चालत नव्या मुलखात गेली? आपण खापरं बघून नुसता अंदाज करतो, बाई म्हणाल्या, पण दातात आणि कानाजवळच्या हाडात डीएनए टिकून राहतो आणि तो सांगतो की हा माणूस कोणाचा कोण. युरोपात माणसंच चालत गेली असं त्यातून दिसलं. आपल्याकडे उन्हानं आणि दमट हवेनं डीएनए लवकर कुजतो, म्हणून चांगला नमुना दुर्मीळ.

मी हात वर केला. “आईकडून येणारा डीएनए वेगळा दिसतो आणि बापाकडून येणारा वेगळा. मग बायका जागच्या आणि पुरुष बाहेरून आलेले, हे कळतं ना?”

“कळू शकतं,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे त्या काळचा घरजावई ओळखता येईल?”

सभागृह हसलं. बाईही हसल्या. आणि हशा मिळाला की माणसाचा तोल जातो, तसा माझा गेला. मी म्हणाले, “आमच्या आबांकडे एक दाढ आहे. भिंतीतून निघालेली. खापरांसकट.”

सभागृह पुन्हा हसलं, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

दोन महिन्यांनी त्या आमच्या गावात उतरल्या. बरोबर दोन सहकारी. टेकाडापाशी जाऊन तिघांनी पांढरे अंगभर कपडे, टोप्या, मास्क आणि हातमोजे चढवले, कारण आपल्या अंगावरचा डीएनए जुन्या वस्तूला लागला तर सगळंच मुसळ केरात. गावानं मात्र असे कपडे टीव्हीवर एकदाच पाहिलेले, कोंबड्यांचा रोग आला तेव्हा. अर्ध्या तासात गावातली प्रत्येक कोंबडी कणगीत, खाटेखाली आणि एक तर शाळेच्या कपाटात गेली. बाई टेकाडावर शांतपणे माती चाळत होत्या आणि इकडे शाळेच्या कपाटातून आवाज येत होता.

नंतर थुंकीचं प्रकरण. जुन्या दाताशी ताडून पाहायला गावातल्या माणसांचेही नमुने हवे होते. नळीत थुंकायचं, बस. अट एकच, आधी अर्धा तास काही खायचं-चघळायचं नाही. बायांनी पटापट नमुने दिले. पुरुषांना तंबाखूशिवाय अर्धा तास काढणं जमेना. जो तो पंचवीस मिनिटांवर पडायचा. ते जमलं तेव्हा दुसराच तंटा उभा राहिला. पुरुषांत पहिल्यांदा थुंकायचा मान कुणाचा?

“मान पाटलांचा,” कोणीतरी म्हणालं. पाटील उठून उभे राहिले, पागोटं सारखं केलं आणि गावाच्या वतीनं नळीत थुंकले. मग पोळ्याच्या क्रमानं एकेक घर. एका घरानं दुसऱ्याच्या आधी थुंकायचा प्रयत्न केला, तर शिव्या झाल्या. बाई मला हळूच म्हणाल्या, “क्रमानं काही फरक पडत नाही हो.” मी म्हणाले, “इथे क्रमानंच फरक पडतो.” सर्वांत शेवटी आबा. त्यांच्या नळीवर आकडा पडला तेवीस.

मग बाईंनी दाढ मागितली. आबांनी चंचीवर हात ठेवला.

“काय करताव तिचं?”

“थोडी कोरून भुकटी काढायची, आबा. त्या भुकटीत डीएनए असतो.”

“कोरून म्हंजी भोक पाडताव?”

“छोटंसं.”

“त्याला दुखंल का?”

बाई चांगल्या होत्या, हसल्या नाहीत. “नाही दुखणार,” म्हणाल्या. आबा उठून घरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला लाज वाटायला लागली, एवढ्या मोठ्या बाई ओसरीवर खोळंबलेल्या. शेवटी आबा आले. हातात कागदाची पुडी. ती त्यांनी दोन्ही हातांनी बाईंच्या हातमोज्यांत ठेवली आणि दुसरीकडे बघत राहिले. मला वाटलं, जीव तुटतोय बिचाऱ्यांचा.

पावसाळा अर्धा सरला आणि ग्रामपंचायतीत पत्र आलं. छोटंच होतं. ग्रामसेवकानं मारुतीच्या पारावर ते मोठ्यानं वाचलं आणि मराठी करून सांगितलं: दाढेतून मिळालेला डीएनए तेवीस नंबरच्या माणसाशी तंतोतंत जुळतो, सविस्तर नंतर कळवू. तेवीस नंबर कोण, हे सगळ्यांना पाठ होतं, कारण थुंकायचा क्रम कोण विसरेल?

मी तेव्हा लातुरात होते. आईनं फोनवर सांगितलं, “गाव याडं झालंय. म्हणतंय, टेकाडातलं मानूस अन्‌ तुजे आबा एकच रगत. तीन हजार वर्सं झाली म्हणं.” दुसऱ्या दिवशीच्या फोनमध्ये ती पाच हजार झाली. तिसऱ्या दिवशी रामाच्या आधीची. कोणीतरी सिद्धांत मांडला, की आबांचे पूर्वज इथलेच, मधे कुठल्या तरी दुष्काळात कानडी मुलखात गेले, आणि आबा लग्नाच्या निमित्तानं परत आले. म्हणजे पाव्हणं तर बाकीचं गाव! पाटील दोन दिवस पाराकडे फिरकले नाहीत. मग बैठकीत उभं राहून म्हणाले, “कागद आलाय. कागदाफुडं काय बोलावं? औंदाच्या पोळ्याला पयली जोडी त्येंची.” हे बोलताना त्यांचा आवाज बसला होता असं आईनं सांगितलं. मीही हुरळले. बॅचला शिकवता शिकवता आबांचं उदाहरण देऊन टाकलं. जिथे मला शंका यायला हवी होती तिथे माझा ऊर भरून आला. लेकीच्या जातीचं हे असंच, बापाचा विषय निघाला की शिकलेलं सगळं उताणं पडतं.

पोळ्याच्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी निघाले. उदगीर यायच्या आधी मोबाईलवर बाईंची सविस्तर मेल आली. मी ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. बाईंनी लिहिलं होतं, की दाढेत डीएनए भरपूर आणि ताजा आहे, जुन्यात तो तुटका-फाटका असतो, तसा हा नाही. दाढेवर तंबाखूचे डाग आहेत, आणि तंबाखू आपल्या देशात येऊन काही शतकंच झाली, तेव्हा पहिल्या शेतकऱ्यानं ती खाल्ली असण्याचा संभव नाही. शिवाय दाढ अलीकडच्या काळात चिमट्यानं काढलेली दिसते. खाली अगदी नम्रपणे विचारलं होतं, ‘ही तुमच्या वडिलांचीच तर नाही ना?’

आणि आणखी खाली, जाता जाता, तेवीस नमुन्यांबद्दल. त्यात निव्वळ एका जागेचा एकही माणूस नाही. प्रत्येकात थोडा अंश इथल्या रानात शिकार करणाऱ्यांचा, थोडा पश्चिमेकडून आलेल्यांचा, थोडा उत्तरेकडून आलेल्यांचा. सगळे कुठून ना कुठून चालत आलेले, फक्त वेगवेगळ्या वेळी. पाटलांचा नमुना आणि आबांचा नमुना यांत या बाबतीत सांगण्यासारखा फरक नाही.

घरी पोचले तर आबा बैलांच्या शिंगांना बेगड लावत होते. नवं धोतर, नवं पागोटं. जोडी झूल पांघरून उभी. मी त्यांना गोठ्यामागे नेलं.

“आबा, कोणती दाढ दिलीत बाईंना?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग चंची सोडली, कप्पा उघडला आणि दाखवला. भिंतीतला माणूस आत सुखरूप होता. एकटाच.

“भोक पाडणार म्हणाल्या बाई,” आबा म्हणाले. “ज्यानं माज्यासाटी भिंत ढकलली, त्याला मी भोक पाडू देऊ? म्हून माजी दिली. मला काय ठावं, दाढ बोलती म्हून?”

“मग पत्र आलं तेव्हा सांगायचं होतं ना!”

“सांगणार हुतो. हाव, सांगणारच हुतो.” ते बेगडाचा तुकडा बोटांत चुरत राहिले. “पन त्या दिशी पारावर एक जन म्हणला, ह्ये तर हितलेच की. मंग काय सांगू?”

मी कॉपी करणाऱ्या पोरांचा कर्दनकाळ. माझ्या हातात मोबाईल, मोबाईलमध्ये पुरावा. आबा खाली मान घालून उभे होते, अगदी कॉपी सापडलेल्या पोरागत, आणि मला त्यांना झापता येईना.

“वेस किती लांब हाय?” ते म्हणाले. “तेवडं जाऊन येतो. एक डाव फुडं चालतो. उद्या तूच सांग सगळ्यास्नी.”

“जा,” मी म्हणाले. मोबाईल पर्समध्ये टाकून दिला.

वाजंत्री सुरू झाली. वेशीबाहेर अख्ख्या गावाचे बैल उभे, आणि सगळ्यांच्या पुढे आमची जोडी. त्यांच्या मागे पाटील मानाचा बैल धरून, सरळ समोर बघत. तोरणाखाली पुरोहित अक्षता घेऊन तयार. आबांनी कासरा हलवला. जोडी झोकात निघाली, वेशीपाशी आली, आणि नेहमीप्रमाणे उजवीकडे वळून लिंबाच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

लोक हसले. आबांनी जोडी ओढून पुन्हा वेशीसमोर आणली. जोडी पुन्हा लिंबाखाली. वर्षानुवर्षं त्यांना एवढंच शिकवलेलं. सगळं गाव आत जाईपर्यंत इथे थांबायचं. तिसऱ्या वेळी चौघांनी ढकललं. एकानं शेपटी पिळली. दोघे बैल पाय रोवून मागे वळून पाहायला लागले, बाकीचे अजून का जात नाहीत म्हणून.

“पाव्हणं, रागवा की जरा त्यास्नी!” कोणीतरी ओरडलं.

आबांनी एका बैलाच्या कपाळावर हात ठेवला आणि सगळ्यांना थांबवलं.

“ऱ्हाऊ द्या. त्येंची चूक न्हाई,” ते म्हणाले. मग घसा खाकरून, वाजंत्र्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ती दाढ टेकाडातली न्हाई. माजी हाय. उदगीरच्या डाक्टरनं काढल्याली. जुनी माज्यापाशीच हाय, ही बगा. मी हितला न्हाई.”

मी डोळे मिटून घेतले.

“म्हंजी,” पाटील सावकाश म्हणाले, “धा दिस आमी तुमच्या सडक्या दाढंचा मान करून राहिलो?”

“हाव.”

पाटलांच्या मिशा हलल्या. आधी मला वाटलं संताप. पण ते खदखदा हसत होते, आणि मग सगळी वेस हसायला लागली. सनईवाल्याला फुंक मारता येईना. पुरोहितानं हसण्याच्या भरात अक्षता स्वतःवरच उडवल्या. ग्रामसेवक तेवढा गंभीर होता, कारण पत्र त्यानं वाचलं होतं.

हसू ओसरलं. पाटलांनी डोळे पुसले आणि मानाच्या बैलाचा दोर धरून पुढे निघाले. वेस अरुंद. लिंबाखाली आमची जोडी, आणि तिला पाठीशी घालून आबा थेट वेशीच्या दगडाला टेकून उभे. आत जायचं तर प्रत्येकाला त्यांच्या अगदी अंगावरून जावं लागणार होतं. आबांचा चेहरा लाजेनं काळवंडला होता. पाटील समोर येताच त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण मराठी सुचेना. त्यांनी हातानं आत जायची वाट दाखवली आणि तोंडातून आलं ते कानडी.

“बर्री,” ते म्हणाले. म्हणजे या. “बर्री, बर्री.”

दारात उभं राहून येणाऱ्याला ‘या’ कोण म्हणतं, ते मला तेव्हा लख्ख दिसलं आणि मी चारचौघांत रडले.

पाटील थबकले. “आलो, पाव्ह…” म्हणाले आणि तिथेच अडले. आबा अजून हात पुढे करून उभे होते. पाटलांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वेशीकडे. मग पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या.

“आलो,” एवढंच म्हणाले, आणि बैलामागून आत गेले.